बेळगावच्या किल्ल्याची पायी फेरी : पैसे वसूल, पण दोन-तीन गोष्टी सुधारायला हव्यात

रविवारी सकाळी साडेसहाला किल्ल्याच्या दारातल्या दुर्गादेवीच्या देवळापाशी जमायचं, दहापर्यंत पायी फिरायचं. माणशी दोनशे रुपये, शाळकरी मुलांना शंभर. नाव फोनवर नोंदवायचं, पैसे तिथंच द्यायचे. किल्ला दाखवणारी मुलगी इतिहासात एम. ए. झालेली, वय फार तर अठ्ठावीस. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा तिच्या तोंडात सारख्याच रुळलेल्या. मी, बायको आणि नववीतला पुतण्या असे तिघं गेलो होतो. निकाल आधीच सांगून टाकतो : जा. जन्म बेळगावातच गेला असेल तर जास्तच अगत्यानं जा. जे खटकलं तेही पुढं लिहितो.

मी बांधकामातला माणूस. वडील गवंडी होते, आजोबा चिऱ्याच्या खाणीवर. त्यामुळं किल्ला म्हटलं की राजांच्या यादीपेक्षा भिंत कुणी उचलली, दगड कुठनं आला, आत राहणारी माणसं दिवसभर काय करायची, याची मला ओढ जास्त. आजवर ज्यांनी ज्यांनी मला किल्ले दाखवले त्यांनी दरवाजात उभं करून सनावळ्या म्हणून दाखवल्या. ही मुलगी तसं करत नाही. प्रत्येक ठिकाणी थांबली की तिचा पहिला प्रश्न एकच : "इथं तेव्हा काय चालायचं?" मग त्याच जागी शंभर वर्षांनी काय चालायचं, दोनशे वर्षांनी काय, आणि आज काय. आठशे वर्षं एकाच तटाच्या आत बसदी म्हणजे जैन देऊळ आलं, मशीद आली, शिबंदी आली, पलटण आली, साहेबांचे बंगले आले, कचेऱ्या आल्या, आश्रम आला. स्टँडवर उतरणारा माणूस रोज या तटाच्या कडेनं जातो आणि आपल्या कामाला लागतो. त्याला थांबवून हे सगळं क्रमानं दाखवायचं, हे काम सोपं नाही. तिनं ते फार मनापासून केलंय.

पहिला थांबा खंदकावर. गाडीवरून दरवाजातून आत शिरणारा कुणी खंदकाकडं मान वळवून बघत नाही. ती इथं चांगली वीस मिनिटं थांबवते आणि ते बरोबरच आहे, कारण हा किल्ला भुईकोट. राजहंसगडाला त्याची चढण राखते, पारगडाला कडे राखतात. इथं शत्रूला अडवायला डोंगर नाही की दरी नाही, म्हणून सगळी भिस्त खंदकावर. आतला घेर सुमारे १०० एकरांचा, आकार लंबगोल, भोवती तट आणि बुरूज, आणि त्यांच्या पायाशी हा रुंद, खोल खंदक.

आमच्या भागात ज्यानं विहीर खोदून घेतली आहे त्याला खंदक लगेच कळतो. जांभा जमिनीत असतो तोवर मऊ असतो, टिकावानं तासता येतो. बाहेर काढून ऊनवारा लागला की घट्ट होत जातो. म्हणून जांभ्याच्या मुलखात खोदाई आणि बांधणी हाताला हात लावून चालतात : विहिरीतनं निघालेल्या चिऱ्यावर मागच्या पडवीची भिंत उभी राहते. हे मी बोलून गेलो तर तिनं लगेच वही काढली. चिऱ्याचं माप काय असायचं, एक माणूस दिवसाला किती काढायचा, चिऱ्यांमधल्या फटी भरायला चुना कसा मळायचे, सगळं विचारून घेतलं. पैसे घेऊन दाखवणाऱ्या माणसानं बघायला आलेल्या माणसाकडनं शिकायची तयारी ठेवावी, हे मला फार भावलं.

आणि मग तिनं महमूद गावानची गोष्ट सांगितली. बहमनी वजीर महमूद गावाननं गोवा घेतलं १४७२ साली. बेळगावचा राजा विजयनगरच्या सांगण्यावरनं ते परत घ्यायला निघाला, म्हणून बहमनी फौज इथं येऊन बसली, खुद्द सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहासकट. इतिहासकार फेरिश्तानं हा वेढा लिहून ठेवलाय. दिवसा बाहेरच्यांनी खंदकात माती-लाकूड लोटायचं आणि रात्री आतल्यांनी ते काढून टाकायचं. असं चालेना म्हटल्यावर गावाननं सुरुंग लावले. दख्खनेत तोवर कुणी तट असा दारूनं उडवला नव्हता, असं फेरिश्ता म्हणतो. पुतण्यानं विचारलं, खंदकाच्या पलीकडच्या भिंतीखाली दारू पोचलीच कशी? तिनं काठी घेतली, मातीत तटाचा छेद काढला, खंदक काढला, आणि बऱ्याच लांबून तिरकं खाली उतरत जाणारं भुयार दाखवलं. भुयाराला लाकडाचे टेकू देत पुढं सरकायचं, भिंतीच्या पायाखाली पोचल्यावर दारू ठासायची, मागं तोंड बुजवायचं म्हणजे स्फोटाचा जोर वर जातो, आणि वात लांबवर आणून पेटवायची. पायाखालची माती उडाली की वरची भिंत स्वतःच्या वजनानंच बसते. मी पाया खचलेल्या भिंती पाहिल्यात. तिचं वर्णन अक्षरन् अक्षर खरं होतं. पुतण्या त्या आकृतीभोवती दोनदा फिरला आणि मग उकिडवा बसून ती वहीत उतरवून घेऊ लागला.

तट पडल्यावर राजा आपलाच वकील असल्याचं सोंग घेऊन सुलतानाच्या गोटात गेला, तिथं पागोटं गळ्यात घालून आपण कोण ते सांगितलं, आणि त्याचा जीव वाचला. ही गोष्ट ऐकताना आमच्या घोळक्यातले गोकाकचे दोन तरुण मोबाईल खिशात टाकून जवळ आले.

दरवाजात गणपती आणि दुर्गा. इथं आधी नमस्कार, मग इतिहास, अशी तिची पद्धत आणि मला ती आवडली. देवीची पूजा अजून चालू आहे, मंगळवार-शुक्रवारी बायका ओटी भरायला येतात, त्यामुळं हा दरवाजा नुसता जुना दगड राहत नाही. इथं फार थांबलो नाही.

फेरीचा खरा गाभा कमल बसदी. ती इथं एक तास देते. मी तर म्हणेन सव्वा द्यावा. किल्ल्याचा सगळ्यात जुना काळ इथं उभा आहे. रट्ट घराण्याची गादी आधी सौंदत्तीला होती, तिथनं ती वेणुग्रामला म्हणजे बेळगावला आली. रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा अधिकारी बिचिराज, आणि त्यानं ही बसदी बांधली १२०४ साली. किल्ल्याचा पहिला कोटही त्याच बिचिराजाच्या नावावर सांगतात. म्हणजे कोट आणि बसदी एका हातच्या. त्या सालचे रट्टांचे दोन मोठे शिलालेख बेळगावातनं गेले ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे तिनं सांगितल्यावर निपाणीहून आलेल्या जैन कुटुंबातल्या आजी म्हणाल्या, "बाई, मग आपण इथं काय वाचायचं?" तिनं आजींना हात धरून मंडपात नेलं आणि वर बघायला सांगितलं.

वर छतातनं दगडाचं कमळ खाली उतरलंय. बसदीचं नाव त्यावरनंच. पाकळ्या बहात्तर, कारण तीर्थंकर चोवीस आणि काळ तीन : होऊन गेलेले, चालू आणि येणारे. चोवीस त्रिक बहात्तर. आजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि त्यांचं मोजून होईपर्यंत कुणी हललं नाही. गाभाऱ्यात काळ्या दगडातले नेमिनाथ. दर्शन घ्यायचं, चामड्याचा पट्टा बाहेर ठेवायचा, फोटो काढायच्या आधी विचारायचं.

माझं लक्ष खांबांवर होतं. हे खांब लेथवर फिरवल्यासारखे गोल, कंगोरे इतके धारदार की नख अडकतं, आणि पृष्ठभाग असा घोटलेला की त्यात दारातला उजेड दिसतो. हा दगड मऊ जातीचा, ताजा असताना कातता येणारा. मोठा ठोकळा उभा-आडवा फिरवत, पटाशी धरून, एका आसाभोवती कातून काढायचा, ही चालुक्य काळातली खास कारागिरी. इकडच्या कन्नड मुलखात ती तुम्हाला जागोजागी दिसते. मी एका खांबाच्या कड्यावर अंगठा ठेवून सबंध फेरी मारली. वर्तुळात कुठं उंचवटा लागला नाही. आज आमच्याकडं यंत्रावर कातून घेतलेल्या ग्रॅनाइटच्या खांबालाही असा हात लागत नाही, हे मी जबाबदारीनं सांगतो. जिथं दोन दगड एकमेकांवर बसलेत तिथं सांधा शोधायला डोळे बारीक करावे लागतात. छताचं कमळही एका दगडाचं नाही. वर्तुळाच्या आत वर्तुळ, प्रत्येक थर थोडा आत सरकवत नेलाय आणि सगळ्यात शेवटी मधला दगड खाली लोंबता सोडलाय. बाजूच्या थरांवरचा भार त्याला धरून ठेवतो. अशा घुमटाचं गणित कागदाशिवाय डोक्यात धरणारा पाथरवट किती मोठा असेल, याचा विचार मी अजून करतोय. तिनं मला हे बाकीच्यांना समजावून सांगायला लावलं, आणि सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं याबद्दल तिचे आणि त्या मंडळींचे आभार.

शेजारी दुसरी बसदी आहे, चिक्की बसदी, पडकी. तिथं नाचणाऱ्या आकृत्यांची रांग आहे, तेवढी बघून पुढं निघालो. लोक किल्ल्यात एकशे आठ बसद्या होत्या असं सांगतात. तिनं ही दंतकथा दंतकथा म्हणूनच सांगितली.

मग सफा मशीद. ही फेरीतली सगळ्यात अवघड जागा, आणि माझ्या मते तिनं सगळ्यात चांगली सांभाळलेली. नमाजाची वेळ टाळून, आधी विचारून ठेवून ती नेते. मशीद आदिलशाहीतला सरदार असदखान लारी यानं १५१९ साली बांधली. असदखान मूळचा इराणातल्या लारचा, १५४९ मध्ये वारला, त्याचा दर्गा बेळगावातच आहे आणि तिथं आमच्यातलेही लोक जातात. पण मशिदीचे काही खांब त्याच्या काळाचे नाहीत. दोन खांबांवर लेख आहेत, भाषा कन्नड, लिपी नागरी. एक ११९९ चा, त्याच रट्ट कार्तवीर्याचा. दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादव कृष्णाचा. म्हणजे कमल बसदी बांधायच्या पाच वर्षं आधीचा एक खांब इथं छत पेलून उभा आहे.

देवळांचे खांब मशिदीत आलेत, हे तिनं लपवलं नाही. सरळ, स्वच्छ शब्दांत सांगितलं. आणि सांगताना आवाज चढवला नाही, कुणाकडं बोटही दाखवलं नाही. यादवांनी रट्टांचं राज्य बुडवलं ते तलवारीनंच, बहमनींनी तट उडवला तो दारूनं, आणि प्रत्येकानं आधीच्याचा दगड उचलून आपल्या कामाला लावला, हे तिनं एका ओळीत ठेवलं. ज्याला राग यायचा त्याला येईल, ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटेल, तो ज्याचा त्याचा हक्क. पण माहिती पुरी मिळाली पाहिजे. आमच्या घोळक्यात हिंदू, जैन, मुसलमान सगळे होते आणि एकाचंही मन दुखावलं गेलं नाही. एवढ्यासाठीच दोनशे रुपये द्यायला मी तयार आहे.

गवंड्याच्या नजरेनं एक सांगतो. जुना खांब नव्या इमारतीत बसवणं नव्या खांबापेक्षा जास्त कटकटीचं. उंची जुळत नाही, खाली बैठक वाढवावी लागते नाहीतर वर हस्ताची, म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या दगडाची, जाडी कमी करावी लागते, आणि भार मधोमध आला नाही तर खांबाला चीर जाते. हे खांब पाचशे वर्षं भार घेऊन उभे आहेत. बसवणारा मिस्त्री कोण होता, कुठल्या जातीधर्माचा होता, त्याची नोंद कुठल्याच खांबावर नाही.

तटाचं आजचं रूप मुख्यतः त्याच आदिलशाही काळातलं, सोळाव्या शतकातलं. तोफा आल्यावर जुन्या कोटाचा उपयोग नव्हता, म्हणून बुरूज गोल आणि जाड झाले. चौकोनी बुरजाचा कोपरा गोळ्यानं उडतो, गोल बुरजावरनं गोळा घसरायची शक्यता जास्त. तटावरनं चालताना ती जंग्या दाखवते : बंदुकीचं तोंड बाहेर काढायची भोकं, आतनं रुंद आणि बाहेरनं अरुंद, काही सरळ तर काही थेट खंदकाकडं उतरत्या. पुतण्यानं प्रत्येक भोकाला डोळा लावला. मुलांना आणाच.

१६८६ साली औरंगजेबानं विजापूर घेतलं तेव्हा किल्ला मोगलांकडं गेला, शहजादा आझमच्या नावावरनं आझमनगर झाला. पुढं पेशवे, मध्येच हैदरअली, परत पेशवे.

आणि इथं माझी पहिली तक्रार. मराठ्यांच्या काळाला ती पाचच मिनिटं देते. हैदराकडनं किल्ला परत मिळवल्यापासून १८१८ पर्यंतचा काळ दोन वाक्यांत गेला. इथल्या मराठी माणसाला हा काळ सगळ्यात जवळचा, आमच्या घरांतनं, गल्ल्यांच्या नावांतनं तो अजून सापडतो, त्याला एवढ्यात उरकू नये. निदान १८१८ चा वेढा तरी महमूद गावानच्या वेढ्यासारखा मन लावून सांगावा. बघा, पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं नोव्हेंबर १८१७ मध्ये. साताऱ्याचा किल्ला पडला फेब्रुवारी १८१८ मध्ये. बाजीराव तेव्हा मुलूखभर पळत होता. आणि बेळगावच्या किल्ल्यातली शिबंदी, जिला कुठनं कुमक येण्याची आशा उरली नव्हती, जनरल मन्रोच्या तोफांसमोर २१ दिवस टिकून राहिली. १० एप्रिल १८१८ ला किल्ला खाली झाला. धनी हरलेला असताना एकवीस दिवस तट राखणाऱ्या त्या माणसांसाठी बुरजावर उभं राहून पंधरा मिनिटं द्यायलाच पाहिजेत. मी हे तिला फेरी संपल्यावर सांगितलं. तिनं मान्य केलं, पुढच्या वेळी वेळ काढते म्हणाली.

इंग्रजांच्या हातात आल्यावर किल्ल्याचा नूरच बदलला. तोफेच्या भीतीनं बांधलेल्या तटाला आता कुणाची भीती नव्हती. पलटण पश्चिमेच्या कॅम्पात पसरली आणि किल्ल्यात साहेबांचे, अधिकाऱ्यांचे बंगले उठले. त्यातल्या एका बंगल्यात १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद उतरले होते. कोल्हापूरहून ते बेळगावला आले, आधी वकील भाट्यांच्या घरी राहिले आणि मग जंगलखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडं, किल्ल्यात. अमेरिकेचा दौरा तेव्हा व्हायचा होता, नाव कुणाला माहीत नव्हतं. या हरिपद मित्रांच्याच आग्रहावरनं बेळगावातल्या एस. महादेव अँड सन या स्टुडिओत त्यांचा फोटो काढला गेला, तो आज जगभर लागतो. तो बंगला नीट करून रामकृष्ण मिशनच्या आश्रमानं स्मारक म्हणून ठेवलाय. आत गेल्यावर बोलणं आपोआप खाली येतं. माझी बायको इथं बराच वेळ बसून राहिली आणि तिच्यासाठी आम्ही सगळे थांबलो, घाई केली नाही. जुनी इमारत राखायची तर तिच्यात रोज कुणीतरी झाडू मारला पाहिजे, दिवा लावला पाहिजे, पावसाळ्याआधी कौलं चाळली पाहिजेत. आश्रमानं ते केलंय, आणि लाकूडकाम बघितलं तर जुनं वळण न मोडता केलंय.

फेरीत कित्तूरचं उदाहरण येतं आणि ते चपखल आहे. इथनं पन्नासेक किलोमीटरवर कित्तूर. १८२४ च्या ऑक्टोबरात राणी चन्नम्माच्या फौजेनं इंग्रज अधिकारी थॅकरेला मारलं. त्याच वर्षाच्या अखेरीस किल्ला पडला, राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथंच १८२९ मध्ये ती वारली. कित्तूरचा वाडा आज तुटक्या भिंती आणि जोती एवढाच उरलाय. बेळगावचा किल्ला मात्र ज्याच्या हातात गेला त्याला वापरायला हवा होता, म्हणून तट राहिला, बसदी राहिली, मशीदही राहिली. तिनं हे सांगितल्यावर मी आमच्या धंद्यातल्या अनुभवाची जोड दिली : बंद घर दहा वर्षांत बसतं, राबतं घर शंभर वर्षं निघतं. पण याची दुसरी बाजूही तिनं दाखवली आणि ती बघवत नाही. वापरणारा प्रत्येक जण काहीतरी ठोकून जातो. तटाला टेकून पत्र्याची शेड, जुन्या कमानीत सिमेंटच्या विटा, घडीव दगडावर ऑइलपेंट. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा हे तर पापच. चुना श्वास घेतो, ओल बाहेर टाकतो. सिमेंट ती आत कोंडतं आणि दोन पावसाळ्यांत जुना दगड पापुद्र्यांनी सुटायला लागतो. एका ठिकाणी मी गिलाव्यावर बोटानं टकटक केलं तर आतनं पोकळ आवाज आला. ज्यांनी हे केलं त्यांना एखाद्या जुन्या गवंड्याला विचारता आलं असतं. चुना मळणारी माणसं या भागात अजून आहेत.

आता बाकीच्या तक्रारी. घोळका फार मोठा होता. पंचवीस माणसं एका बाईचा आवाज ऐकणार कशी? बसदीत ठीक, तटावर वारा असला की मागच्यांना काही ऐकू येत नाही. पंधराच्या वर नावं घेऊ नयेत. दुसरं, साडेतीन तासांत स्वच्छतागृह नाही, म्हणजे बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी चहा न पिता यायचं. तिनं सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं. आम्हाला अर्ध्या वाटेत कळलं. तिसरं, किल्ल्याचा बराच भाग लष्कराच्या आणि कचेऱ्यांच्या हद्दीत आहे, तिथं जाता येत नाही. हा तिचा दोष नाही, पण फोनवर 'पूर्ण किल्ला' असं सांगू नये. चौथं, किल्ल्यातल्या पाट्यांवर मराठी कुठं दिसत नाही. हे तिच्या हातात नाही, म्हणून तिनं स्वतःचा एक दोन पानी नकाशा मराठीतनं आणि कन्नडमधनं छापून द्यावा. वीस रुपये जास्त घ्या, देऊ.

आणखी एक. शेवटी किल्ला तलावापाशी येऊन, त्या ११० मीटर उंच ध्वजस्तंभाखाली ती १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची गोष्ट सांगते. गांधीजी अध्यक्ष झाले ते एकाच अधिवेशनात आणि ते बेळगावला, ही गोष्ट आम्हा सगळ्यांच्या अभिमानाची. पण ती घडली टिळकवाडीत. ती तिथल्या, अधिवेशनासाठी खणलेल्या काँग्रेस विहिरीच्या काठावर उभं राहूनच सांगायची. इथं ती उपरी वाटते आणि तोवर माणसं थकलेली असतात. तीच पंधरा मिनिटं १८१८ ला द्यावीत.

जाणाऱ्यांसाठी : चपला काढ-घाल करायला सोप्या घाला, देवी, बसदी, मशीद, आश्रम मिळून चार ठिकाणी काढाव्या लागतात. जून ते सप्टेंबर टाळा, आमच्याकडचा पाऊस आणि जांभ्यावरचं शेवाळ, तटावर पाय टिकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी घरनं आणा. गुडघे दुखणाऱ्यांनी तटाचा भाग सोडून थेट बसदीत यावं, ती तशी सोय करते, निपाणीच्या आजींना रिक्षानं पुढं पाठवलं होतं. स्टँड हाकेच्या अंतरावर, त्यामुळं खानापूर, चंदगड, निपाणीकडच्यांना पहाटेची गाडी पकडून येणं जमतं. संपल्यावर उप्पीट आणि चहा स्टँडच्या बाहेर गरम मिळतो.

दिवाळीनंतर राजहंसगडाची अशीच फेरी काढायचा तिचा विचार आहे. मी तिला दोन अटी घातल्या, पंधरा माणसं आणि मराठी नकाशा. ती हो म्हणालीय. आमची तीन नावं आत्ताच लिहून ठेवायला सांगितलीत.